डॉक्टर बाईंच्या गाडीतला कार्बन

"त्या कार्बनवर वाळू मारू की," अण्णा म्हणाले. "आपल्याकडं मशीन आहे. हां हां म्हणता साफ होईल."

"अण्णा, वाळूचा एक कण जरी आत राहिला, तरी सिलिंडरवर ओरखडे पडतील. मग इंजिनच उतरवावं लागेल."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"अक्रोडाच्या टरफलांचा रवा मारायचा. पुण्याहून मागवतो."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी इंजिनाला खीर पाजायला निघालोय.

मल्लिनाथ अण्णा म्हणजे होटगी रोडवरच्या आमच्या वर्कशॉपचे मालक. मी तिथला वर्क्स मॅनेजर. आणि आमच्यापुढं बॉनेट उघडून उभी होती ती डॉक्टर वर्षा कांबळे यांची पेट्रोल गाडी. वर्षाताई जनावरांच्या डॉक्टर. घर सोलापुरात, दवाखाना मंद्रूपला, आणि खरं काम आसपासच्या वस्त्यांवर.

गाडीची तक्रार जुनी होती. सकाळी स्टार्ट केली की थरथरायची. पिकअप गेला होता. मिसफायर व्हायचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळतच नव्हतं. दुसऱ्या एका गॅरेजनं प्लग बदलले, कॉइल बदलल्या, टाकीत क्लीनरची बाटली ओतली. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

आमच्याकडं येण्याच्या आदल्या आठवड्यात ती गाडी एका अडलेल्या गाईकडं जाताना रस्त्यातच बंद पडली. ताई कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पोचल्या. गाय वाचली, वासरू गेलं.

"गाडी बंद पडली त्याचं एवढं नाही वाटत, काका," त्या मला म्हणाल्या होत्या. "पण ते लोक रस्त्याकडं डोळे लावून बसलेले असतात. तुम्ही हिला एवढी नीट करून द्या. मग विकते. पुण्यात एका पशुखाद्य कंपनीत ऑफिसची नोकरी मिळतेय, ती घ्यायचं म्हणतेय."

गाडी विकायची हे ग्राहक रागानं म्हणतात, ते मला नेहमीचं आहे. ताई रागात नव्हत्या. थकल्या होत्या.

मी बोअरस्कोप आत घातला. म्हणजे लवचिक तारेच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा. इंजिन न उघडता आतलं दिसतं. स्क्रीनवर इनटेक व्हॉल्व्ह आले. हवा सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या या झडपा. धातू कुठं दिसेचना. चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखा काळा, खरबरीत थर. झडप नीट मिटत नव्हती आणि हवाही सरळ आत जात नव्हती.

हे असं का होतं ते ताईंना सांगितलं, तेच इथं सांगतो. जुन्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल झडपेच्या मागं फवारलं जायचं. त्यामुळं झडप आपोआप धुतली जायची. ताईंच्यासारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. ॲव्हरेज चांगला मिळतो, ताकद मिळते, पण झडपेला पेट्रोल लागतच नाही. इंजिनातली ऑइलची वाफ मात्र परत हवेच्या वाटेनं येते, गरम झडपेवर चिकटते आणि भाजून कडक होते. म्हणून टाकीत कितीही क्लीनर ओतला तरी तो या थरापर्यंत पोचत नाही. इंजेक्टर साफ होतील, झडप नाही.

मॅनिफोल्ड, म्हणजे हवेचा नळ, उतरवून ठेवला. रवा दुसऱ्या दिवशी येणार होता. वर्षाताई गाडी बघायला आल्या आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वळसंगच्या पुढं एका वस्तीवर म्हैस अडली होती.

ताईंनी उघड्या इंजिनाकडं बघितलं.

"जाधव, वर्कशॉपची गाडी काढ," अण्णा मला म्हणाले. "तूच सोड त्यांना."

ताईंनी आपल्या गाडीतली बॅग आणि सोबत आणलेला लसींचा थर्माकोलचा डबा आमच्या गाडीत ठेवला. रस्ताभर त्या फोनवर म्हशीच्या मालकिणीला काय करायचं, काय नाही ते शांतपणे सांगत होत्या. वस्तीवर पोचताच उतरल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, इंजिन बंद करू नका हं. एसी राहू दे. लस आहे."

मी डब्यावर एसीचा झोत सोडून बसलो. गोठ्यातून ताईंचा आवाज येत होता. "धरा. आता ओढू नका. थांबा. हां, आता." वेळ बराच गेला. गाडी जागेवरच घुरघुरत होती. ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

म्हशीची मालकीण सुगलाबाई पाणी न्यायला बाहेर आली. मी तिला विचारलं, "मावशी, डॉक्टर बाई आल्या की त्यांची गाडी चालूच असते का?"

"व्हय की. बाई आत, गाडी भाईर घुरघुरत. लई येळ. आमी म्हनतो, बाईंची गाडी कवा झोपतच न्हाय."

थोड्या वेळानं ताई बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात माखलेले, चेहरा घामानं डबडबलेला, आणि बऱ्याच दिवसांनी दिसावं तसं हसू. रेडकू जिवंत होतं. सुगलाबाईनं मला हाताला धरून आत नेलं आणि दाखवलं. ओलं, काळं, पायावर उभं राहायची धडपड करणारं.

परतताना मी विषय काढला. ताईंनी सांगितलं ते असं. लस गार ठेवणारा चांगला कॅरियर होता, त्याचं झाकण तुटलं. नवा घ्यायचा राहून गेला. थर्माकोलमध्ये बर्फ टिकत नाही, म्हणून एसी. एका वस्तीहून दुसरी वस्ती जेमतेम दोन-तीन किलोमीटर. इंजिन पुरतं तापायच्या आत पुढचा गोठा आणि तिथं पुन्हा गाडी जागेवर चालू.

"म्हणजे मीच केलं हे?" त्यांनी विचारलं.

"थोडं तुम्ही, थोडं गाडीनं. इंजिन नीट न तापता जागेवर चालू राहिलं की हा थर लवकर चढतो. गाडीचा वाटा किती ते उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी रवा आला. एकेका सिलिंडरच्या झडपा पूर्ण मिटतील असं इंजिन हातानं फिरवायचं, मग हवेच्या दाबानं रवा मारायचा आणि व्हॅक्यूमनं लगेच ओढून घ्यायचा. टरफल धातूपेक्षा मऊ, त्यामुळं कार्बन निघतो, झडपेला धक्का लागत नाही. पहिली झडप चकाकली तेव्हा अण्णा स्क्रीनपुढून हलेनात.

"आता दुसऱ्या गाड्यांना पण हे करायचं," ते म्हणाले.

"आधी ही परत घाण होणार नाही ते बघू."

मी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत सोडणारी ही छोटी झडप. ती उघडीच अडकली होती. वाफेबरोबर नको तेवढं ऑइल वर जात होतं. गाडीचा वाटा हा. झडप नवी टाकली, ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं भरलं. स्टार्टर मारला. गाडी एका दमात सुरू झाली आणि थरथरली नाही. न्यायला आलेल्या ताईंनी स्टिअरिंगवर बसून ती बंद केली आणि पुन्हा सुरू करून बघितली.

मी त्यांना सांगितलं ते साधं होतं. लसीला चांगला कॅरियर आणि आइस पॅक घ्या. गोठ्यावर पोचलात की गाडी बंद करा. ऑइल वेळेच्या थोडं आधीच बदला. आठवड्यातून एकदा हायवेला गाडी जरा मोकळी पळवा, इंजिन नीट तापू द्या. कार्बन पूर्ण थांबणार नाही. या इंजिनात थोडा येतोच. पण दहा वर्षांचा थर दोन वर्षांत यायचं कारण नाही.

"विकायची का मग?" मी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

उन्हाळा संपता संपता त्या ऑइल बदलायला आल्या. मी न विचारता कॅमेरा आत घातला. झडपांवर चहाच्या कपाला असतो तेवढा पिवळट डाग होता, बस. पुण्याच्या नोकरीचं विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना कधीच नाही कळवलं. मंद्रूपचा दवाखाना मोठा करतेय." डिकीत निळा लस कॅरियर होता, पट्ट्यानं नीट बांधलेला.

आता अशी गाडी आली की बिघाड शोधणारा स्कॅनर लावायच्या आधी मी विचारतो, गाडी उभी असताना काय करता? ग्राहकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. काही जण अण्णांकडं तक्रारही करतात. अण्णा त्यांना चहा पाजतात आणि म्हणतात, उत्तर द्या, काम स्वस्तात होईल.