जरी-टिकल्यांची लक्ष्मी

धुळ्याला देवपुरात आम्ही घर बांधलं, तेव्हा जुन्या वस्तूंची हौस नुकतीच आमच्या कॉलनीपर्यंत पोचली होती. बायकोनं जुन्या बाजारातून काचेची हंडी आणली, तिच्यात बल्ब सोडला. कुणाच्या तरी शालूचे काठ विकत घेऊन पडद्यांना लावले. बैठकीतली समोरची भिंत मात्र रिकामी होती. तिथं काय शोभेल ते मला ठाऊक होतं.

पिंपळनेरला माझ्या चुलतभावाच्या देवाच्या खोलीत लक्ष्मीचं जुनं छापील चित्र होतं, शिसवी चौकटीतलं. वहिनीनं ते माहेरून आणलेलं. लग्नाआधी तिनं आणि तिच्या आईनं मिळून लक्ष्मीच्या लुगड्यावर जर टाचली होती, दागिन्यांच्या जागी टिकल्या शिवल्या होत्या. मी भावाकडे विषय काढला. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "बाजारना दिन ये. ती घर नही राहस."

बाजाराच्या दिवशी गेलो. पैसे त्याच्या हातात ठेवले, चित्र गोधडीत गुंडाळलं. "वहिनीला काय सांगशील?" मी विचारलं.

"वाळवी लागनी, नदीमा सोडी दिधी, सांगसू."

मी हसलो. खरंच हसलो.

दोनेक वर्षांनी वहिनी डोळे दाखवायला धुळ्याला आली आणि स्टँडवरून थेट आमच्याकडे. ती येणार हे आम्हाला माहीत नव्हतं. दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि थांबली. मग पदर सावरत भिंतीजवळ गेली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून अगदी काचेला नाक लावून पाहत राहिली. लक्ष्मीच्या एका कानात हिरवी टिकली होती, बाकी सगळ्या लाल. लाल संपल्या असाव्यात. वहिनीनं काचेवरून त्या टिकलीवर बोट ठेवलं.

"आठे दिवा कोन लावस?" तिनं विचारलं.

"अहो, ही पूजेची नाही, वहिनी," बायको म्हणाली. "शोभेची आहे."

मी चित्र उतरवायला पुढं झालो. "वहिनी, घेऊन जा. आत्ता बांधून देतो."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मनी लक्ष्मी ते नदीमा गयी, भाऊ."

त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शरम नंतर आली. आधी वाटलं, बरं झालं, भिंत रिकामी होणार नाही.

तिनं पाणीही घेतलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाली, भाचीकडे जाते, ती नेईल. ऑपरेशन झालं तेव्हाही ती भाचीकडेच राहिली.

पुढं कधीतरी भाऊ भेटला. "वहिनी काही बोलली का?" मी विचारलं.

"मले? काहीच नही," तो म्हणाला. मग जाता जाता म्हणाला, "आते ती भाहेर जाताना देवनी खोलीले कुलूप लावस."