पयले आईले पाहा

भावाचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला ऑफिसात होते. त्याच्यामागे गाडीचा हॉर्न वाजत होता आणि कुणीतरी रडत होतं.

"ताई, आई शेततळ्यात पडली. हिनं तिच्यामागं उडी टाकली. दोघीले बी काढलं. दारव्ह्याच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो."

दोघींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. शेतात थ्रेशर चालू होतं. आई हातपाय धुवायला शेततळ्याच्या काठाशी वाकली आणि घसरली. शेततळ्याला आतून प्लास्टिक अंथरलेलं असतं. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, माणसाला स्वतःहून वर येता येत नाही. वहिनी जवळच होती. तिनं हाका मारल्या, पण थ्रेशरच्या आवाजात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मग ती तशीच आत गेली. कामाला आलेल्या एका बाईनं पाहिलं आणि ती पळत सुटली, म्हणून भाऊ दोरखंड घेऊन वेळेवर पोचला.

दारव्ह्याच्या डॉक्टरबाईंनी दोघींनाही लगेच पुढे पाठवलं. मी यवतमाळच्या दवाखान्याच्या दारात उभी होते. आईला स्ट्रेचरवरून उतरवलं. ओठ निळसर, डोळे मिटलेले, अंगभर थरथर. तिच्यामागून वहिनी पायी चालत आली. ओल्या लुगड्यावर कुणाचं तरी ब्लँकेट, हातात आईच्या चपला. पाण्यातून काढल्यावर त्या गोंधळात त्या चपला उचलायचं तिला कसं सुचलं, कोण जाणे.

डॉक्टर तिच्याकडे वळले, तर ती मागे सरकली. "मले काई नाई झालं. पयले आईले पाहा."

आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. आईला उलट्या झाल्या, बरंच पाणी पडलं. गरम पांघरुणं घातली, सलाईन लावलं, आणि उन्हं कलायच्या आत ती डोळे उघडून बोलायला लागली. भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. मला वाटलं, सुटलो.

वहिनीला माझे कोरडे कपडे घालून आईच्या शेजारच्या खाटेवर बसवलं होतं. डॉक्टरांनी तिला घरी सोडायला साफ नकार दिला होता. ती अधूनमधून खोकत होती. नंतर खोकला थांबेना. मी चहा नेला, तर कप धरता धरता ती मध्येच थांबली. एक वाक्यही एका दमात बोलता येईना. खांदे वरखाली व्हायला लागले. मी सिस्टरांना हाक मारली. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघून त्या धावतच डॉक्टरांना आणायला गेल्या.

एक्स-रेमध्ये तिची दोन्ही फुप्फुसं ढगाळ दिसत होती. डॉक्टरांनी भावाला आणि मला बाजूला घेतलं. "पोटातलं पाणी उलटीनं निघतं," ते म्हणाले. "फुप्फुसात गेलेलं तसं निघत नाही. त्यानं आतून सूज येते, आणि ती कधीकधी काही तासांनी दिसते. म्हणून थांबवून ठेवलं होतं."

"वाचंन ना ती?" भावानं विचारलं.

"प्रयत्न करतोय," डॉक्टर म्हणाले.

तिला आयसीयूत हलवलं. नाकातोंडावर घट्ट मास्क बसवला, यंत्र जोरानं हवा आत ढकलायला लागलं. तिला ते सहन होईना. ती दोन्ही हातांनी मास्क ओढायची, पाय झाडायची. मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, ती पुन्हा पाण्याखाली गेली होती. सिस्टर तिच्या कानाशी वाकून पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "ही हवा आहे, ताई. पाणी नाही. आत येऊ द्या." हळूहळू तिचे हात खाली आले.

आईला सुट्टी मिळाली, पण ती घरी जाईना. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहायची. आईचं आणि वहिनीचं कधीच फारसं जमलं नव्हतं. वहिनी महागावकडच्या शेतकरी घरातली, आई दारव्ह्यातल्या नोकरदार घरातली. भांडण असं नव्हतं. कामापुरतं बोलणं, एवढंच. एके दुपारी बाकावर आई एकदम म्हणाली, "मी तिच्या अंगावर चढले गं."

मी तिच्याकडे वळले.

"पाण्यात. तिनं मला धरलं आणि मी तिच्या खांद्यावर पाय दिला. ती खाली गेली ते कळत होतं मला. तरी मी जोर दिला. तिला दाबून मी वर राहिले." आईचा आवाज अगदी सपाट होता. "तिच्या छातीत पाणी गेलं ते माझ्यामुळे."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

मध्ये वहिनीला ताप आला, न्यूमोनिया झाला, तेव्हाचे दिवस मला नीट आठवतही नाहीत. मग ताप उतरला. मास्क गेला, नाकाला साधी नळी आली. आईला आत सोडलं, तेव्हा मी सोबत होते. आईनं खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, मला सांगितलं होतं त्याच शब्दांत.

वहिनीचा आवाज अजून घोगरा होता. ती थांबत थांबत बोलली. "बुडतानी मानसाले काय समजते, आई? मी बी तुमच्या लुगड्याले धरूनच होती. सोडलं असतं तं तुमी हलक्या झाल्या असत्या."

आई खुर्चीत बसली. टेबलावरची वाटी घेऊन तिला चमच्यानं पेज भरवायला लागली. पेज हनुवटीवर सांडत होती. वहिनी निमूटपणे खात राहिली.

घरी आल्यावर सगळं गोड झालं, असं नाही. मिठावरून, झोपायच्या खोलीवरून दोघींची धुसफूस आजही चालते. वहिनी उंच उशी लावून झोपते. डोक्यावरून पाणी घेताना तिचा श्वास अडकतो, म्हणून न्हाणीघराचं दार ती उघडंच ठेवते आणि आई बाहेर पाट टाकून बसते. शेततळ्याला भावानं चारी बाजूंनी कुंपण घातलं आणि काठावरून आत गाठी मारलेले दोर सोडून ठेवले.

शेवटच्या तपासणीला मी दोघींना घेऊन गेले. डॉक्टरांनी वहिनीच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला. "मोठा श्वास घ्या. धरून ठेवा."

वहिनीनं श्वास धरला. शेजारच्या स्टुलावर आईनंही धरला होता, आणि डॉक्टर "सोडा" म्हणाल्यावरही ती काही क्षण तशीच, त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती.