सातभाईंसाठी कुंपण

काकांनी पाण्याची बादली धपकन खाली ठेवायची आणि अख्खी बाग दचकेल अशा आवाजात मला विचारायचं, "ताई, उनात का?"

म्हणजे, आले का? रोज संध्याकाळी हेच. जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात गेलेला, कान तिथेच राहिले. सुरतेतल्या नवागामच्या बागेत फिरायला येणारे लोक त्यांच्यापासून चार हात लांबच असत. मी बँकेतून दमून यायची. मलाही वाटे, बाबा रे, जरा हळू! पण माझं तोंड बघून त्यांना बोलणं कळायचं, म्हणून त्यांच्या बाकावरची अर्धी जागा माझी ठरून गेली.

चौकशी सातभाईंची होती. तुम्ही पाहिले असतील, ते मातकट, घोळक्यानं हिंडणारे, सदा कचाकचा भांडणारे पक्षी. काकांची बायको अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतेला एका खोलीत आली, म्हातारीही त्याच खोलीत झाली. "सातभाई भांडत नाहीत तिथं घर कसलं?" असं ती म्हणायची आणि हे हसण्यावारी न्यायचे. ती गेली, मग मात्र माणसानं बागेत सातभाई आणायचा ध्यासच घेतला.

बागेच्या कडेला चकचकीत पानांची शोभेची झुडपं होती. "कपबशीवरली फुलं! किडाबी बसत नई," ते म्हणत. बागेच्या मुकादमाच्या मागे लागून लागून त्यांनी तारेलगतची जागा मिळवली. गावाकडून एसटीनं, ओल्या गोणपाटात गुंडाळून निरगुडीच्या, अडुळशाच्या फांद्या आल्या, करवंदाची रोपं आली. मुकादम म्हणाला, "काका, आ तो जंगल छे." ऐकू गेलं नाही तेच बरं.

कुंपण कमरेला लागलं, मग खांद्याला. आणि एका सकाळी खरंच आले की हो! पाचोळा उधळत, एकमेकांच्या अंगावर धावून जात. मी पळत जाऊन काकांना घेऊन आले. बघून हरखले आणि लगेच खट्टू झाले. चोची नुसत्या हलताना दिसत होत्या.

"काय म्हंतस?" त्यांनी विचारलं.

आता पाखरांचं भांडण काय सांगणार, कपाळ! मी आपलं सासू-सुनेचं काहीतरी ठोकून दिलं.

काकांचा मुलगा पलसाण्याला डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात. त्यानं कानाचं मशीन आणून दिलं. काकांनी मोठ्या हौसेनं लावलं आणि तोंड वाकडं केलं. "हाई तं कारखानाच शे!" आसपासच्या लूमचा खडखडाट तेवढा आत शिरला होता.

"दिवाळीपर्यंत थांबा," मी म्हटलं. दिवाळीत लूम बंद होतात आणि सारे खानदेशी गावाला जातात. त्या वर्षीही गेले. मुलगा, सून, नातवंडंही गेली. हे एकटे मागे राहिले.

पाडव्याच्या सकाळी आम्ही कुंपणाशी उभे राहिलो. काकांनी मशीन लावलं. कुठेच काही वाजत नव्हतं. निरगुडीत एकानं सुरुवात केली आणि मग सगळेच तुटून पडले. काकांचा चेहरा असा फुलला की मला हसूच आलं.

"तसंच शे," ते म्हणाले. "तश्शेच भांडतस!"

बराच वेळ ऐकत राहिले. मग मशीन काढून मुठीत धरलं, आणि त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तिले ऐकानं व्हतं, ताई. मी ऐकीसन काय करू?"

ते वळले, बागेसमोरच्या गल्लीत शिरले. सगळ्या दारांना कुलपं होती. त्यांतलं एक उघडून ते आत गेले.