भरल्या डोंग्याची फुंक

माझ्या काकांचे कान शाबूत आहेत. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, खुद्द काकांनाही नाही.

सातासमुद्रापलीकडे लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडात कापसाला असा भाव आला, की लोक बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधू लागले. (आमच्या बैलांचे पितळेचे होते. लांबून चांदीचेच वाटत.) अकोटकडचा कापूस अकोल्याला न्यायचा तर मध्ये पूर्णा आडवी. काकांनी शेतीच्या जोडीला दोन डोंगे, म्हणजे लाकडी नावा, घेतले. एक स्वतः धरला, दुसरा माझ्या हवाली केला.

हिवाळ्याच्या सकाळी नदीवर अशी धुई उतरे, की बसल्या जागी आपलेच पाय दिसत नसत. म्हणून काकांनी कायदा घातला आणि सगळ्या घाटाने तो मानला. प्रत्येक डोंग्यावर एक शिंग. माल भरलेला असेल तर एक लांब फुंक, रिकामा असेल तर दोन आखूड. रिकाम्याने बाजूला सरकायचं. भरलेले सगळे अकोल्याकडेच जात, त्यामुळे दोन भरले समोरासमोर येण्याचा प्रश्नच नव्हता. काकांच्या शिंगाच्या भरवशावर लोक डोळे मिटून कापूस देत.

अशाच एका सकाळी अकोल्याकडचे गोविंदराव पाटील मला पाहायला आले. मुलगी द्यायची की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. त्यांना पलीकडून आणायला मीच गेलो. पाटील फेटा सावरत डोंग्याच्या मधोमध बसले. अर्ध्या नदीत समोरून काकांची लांब फुंक आली. मी शिंग उचललं, तेवढ्यात पाटलांनी हे काय म्हणून विचारलं. मी मोठ्या ऐटीत सगळा कायदा समजावून सांगितला.

"रिकामा?" पाटील म्हणाले. "अन् मी बसलो आहो न?"

"तसं नाई, मामाजी." (लग्न ठरायच्या आधीच मामाजी!) "हे मालाचं हाये."

"म्हंजे कापूस बसला त भरला, अन् मी बसलो त रिकामा?"

मुलीच्या बापाला बसवून, डोंगा रिकामा आहे असं आख्ख्या नदीला कळवणं कोणत्या वऱ्हाडी नवरदेवाला जमेल? मी एक लांब फुंक मारली.

काकांना वाटलं, पुढे कुणी भरलेला डोंगा रेंगाळत चालला आहे. त्यांनी त्याला हाकलायला आणखी लांब फुंकली. मीही फुंकली. पाटील खूश होऊन म्हणाले, अजून एक होऊ द्या. माझे गाल टरारून फुगले, डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि त्या काजव्यांच्या उजेडात मला काकांचा डोंगा दिसला. तो हातभर अंतरावर होता.

पुढचं मी सांगत नाही. एवढंच, की पाटील पाण्यात कापसाच्या गाठीला मिठी मारून मेलो मेलो करत होते आणि धुईतून काकांचा शांत आवाज आला, "उभे राहा, पाटील. पानी छातीलोकच हाये."

काठावर कापसाचे मालक जमले. भिजलेल्या गाठी म्हशींसारख्या फुगून पडल्या होत्या. काका म्हणाले, समोरून लांब फुंक आली. सगळे माझ्याकडे वळले. खरं बोललो तर पाटलांची शोभा होणार आणि लग्न नदीत जाणार.

"मी त दोन आखूड फुंकल्या," मी म्हणालो.

सगळे पाटलांकडे वळले. ते फेटा पिळत होते.

"दोनच," पाटील म्हणाले. "मी मोजल्या."

काकांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग कानात बोट घालून हलवलं. "मंग माह्ये कान गेले," म्हणाले, आणि आपलं शिंग माझ्या हातात ठेवलं. त्यानंतर ते डोंग्यावर चढले नाहीत.

माझं लग्न झालं. पोरगा सासऱ्याचा मान राखतो, असं मामाजींनी चार गावांत सांगितलं. काकांच्या कानात गावचे हकीमजी लसणाचं तेल सोडू लागले. काकू भाकर पाहिजे का हे अशी विचारते, की शेजारची तीन घरं जेवायला उठतात. मले आयकू येते, असं काका सुरुवातीला सांगत. बहिरे असंच म्हणतात, असं सगळ्यांनी ठरवलं. आता तेही सांगत नाहीत.

गेल्या पोळ्याला मी खरं सांगायला गेलो. काका एकटेच ओट्यावर होते. जवळ बसलो, तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की मी हळू बोललो तर ते ऐकतील. म्हणून घसा फाडून विचारलं, "काका, जेवले काय?"

काकांना मी एक कबुली देणं लागतो. हळू आवाजातली.