कोव्हारिकच्या शेताचा झोन

केसलर बेंडच्या नगरपरिषदेवर व्हर्लिन सेडलाचेक निवडून आला, कारण त्याच्या प्रभागातून दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. जुना सदस्य मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेला, जागा रिकामी पडली, आणि चर्चमधल्या पॅनकेकच्या नाश्त्याला कुणीतरी म्हणालं, "व्हर्लिन, तू का नाही उभा राहत? नाहीतरी रिटायर होऊन घरात आर्लीनचं डोकंच खातोस." आर्लीन म्हणजे त्याची बायको. सगळ्यांच्या आधी तीच हसली.

व्हर्लिनने सारी हयात शाळेची बस चालवली होती. नेब्रास्काच्या त्या सपाट मुलखात, बर्फात आणि धुळीत, एक डोळा रस्त्यावर आणि एक डोक्यावरच्या आरशात. मागच्या बाकांवर आरडाओरडा चालू असला की त्याला घोर नसे. पण पोरं एकदम गप्प झाली, किंवा एखादं उगाच गोड आवाजात "कसे आहात, मिस्टर सेडलाचेक?" म्हणालं, की तो बस कडेला घेई. मागे काहीतरी शिजत असणार, आणि बहुतेक वेळा शिजत असेच.

तीच सवय घेऊन तो नगरपरिषदेत जाऊन बसला. आठवडाभरात त्याला जाणवलं की सगळं गाव त्याच्याशी गोड बोलायला लागलंय. इतकी वर्षं त्याच्याकडे मान वर करून न बघणारा मोटारींचा डीलर लांबून हात करू लागला. शेजारची मिसेस वोंड्रा खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन आली.

"तिच्या फुटपाथचं काम अडलंय," व्हर्लिन म्हणाला.

"तिच्याकडे खसखस उरली होती," आर्लीन म्हणाली. "लोक चांगले वागतायत, इतकंच."

"मग आत्तापर्यंत का नव्हते वागत?"

आर्लीनने त्यातला एक उचलून खाल्ला. व्हर्लिनने हात लावला नाही.

पहिलं वर्ष असंच गेलं, भटकी कुत्री, पाण्याची टाकी आणि ख्रिसमसचे दिवे यांच्या चर्चेत. मग एमिल कोव्हारिकच्या शेताचा अर्ज आला.

एमिल हा व्हर्लिनचा जुना दोस्त. तरुणपणी दोघं एकाच बेसबॉल संघात होते, नंतर जन्मभर नदीवर बरोबर मासे धरले, आणि दर गुरुवारी संध्याकाळी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये पत्ते खेळले. रेल्वेरुळांच्या पलीकडे, गावाच्या पूर्वेला, एमिलचं मक्याचं शेत होतं. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीला तिथे कारखाना टाकायचा होता. त्यासाठी शेतीचा झोन बदलून औद्योगिक करून हवा होता. गावात दोन तट पडले. कॅफेत खिडकीजवळच्या टेबलावर रोजगार, तर काउंटरजवळच्या टेबलावर वास आणि ट्रक. दोन्हीकडची माणसं कॉफी घेताना एकमेकांकडे पाठ करून बसू लागली.

गावच्या वकिलाने सदस्यांना बजावलं होतं, सुनावणी होईपर्यंत अर्जदाराशी खासगीत या विषयावर बोलायचं नाही. बाकीच्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी जाऊन ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलले. व्हर्लिनने मात्र ते मनावर घेतलं.

आणि त्याच आठवड्यात एमिलचा फोन आला.

"सोमवारी मोकळा आहेस का? लिंकनला जायचं होतं."

"लिंकनला कशाला?"

"आहे एक काम. तू गाडी घेतलीस तर बरं होईल."

"तुझी पिकअप काय झाली?"

"अरे, फोनवर नको. जाता जाता सांगतो ना."

व्हर्लिन सावध झाला. कंपनीच्या वकिलांचं ऑफिस लिंकनलाच होतं. तासाभराचा रस्ता, गाडीत दोघंच, आणि फोनवर न सांगण्यासारखं काम!

"सोमवारी जमणार नाही," तो म्हणाला.

"मंगळवारी विचारून बघू का तिकडे?"

"मंगळवारीही नाही."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. आर्लीनने विचारलं, "कोण होतं?" तो म्हणाला, "अर्जदार." इतक्या वर्षांत एमिलला त्या घरात असं कुणी म्हटलं नव्हतं. आर्लीनने हातातला फडका खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं, पण तोवर तो बाहेर गेला होता.

शनिवारी एमिल स्वतः आला. गाडी त्याची बायको वेल्मा चालवत होती. वेल्मा गावातल्या गावात चर्च आणि किराणा एवढीच गाडी चालवायची. हायवेवर जायला ती घाबरायची. तीही बरोबर आलीय म्हटल्यावर व्हर्लिनने हिशोब मांडला: हा मला धरणार, ती आर्लीनला. तो पोर्चवरच आडवा उभा राहिला.

एमिलच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत साफ केलेला मोठा कॅटफिश होता. पायऱ्या चढताना त्याचा पाय अडखळला आणि त्याने कठडा धरला. सकाळीच पिऊन आलाय, व्हर्लिनच्या मनात आलं.

"भाच्याने धरलाय," एमिल म्हणाला. "म्हटलं, तुला आवडतो."

"तो परत घेऊन जा."

"काय?"

"मला काही घेता येत नाही, एमिल. सुनावणी आहे."

"अरे, मासा आहे हा!"

"तेच म्हणतोय मी."

एमिल हसला, पण व्हर्लिन हसत नाही असं त्याला आवाजावरून कळलं असावं. तो म्हणाला, "व्हर्लिन, माझं जरा ऐकून घे. शेताचं नाहीये काही. माझी एक अडचण झालीय…"

"अडचण सुनावणीनंतर सांग."

"तोपर्यंत थांबण्यासारखं नाहीये."

"म्हणजे शेताचंच," व्हर्लिन म्हणाला. त्याला वाटलं, पकडला.

एमिल पिशवी सावरत, कठड्यावरून हात सरकवत खाली उतरला. गाडीतून वेल्माने काच खाली केली. ती व्हर्लिनला म्हणाली, "तुला लाज वाटायला पाहिजे." काच वर झाली आणि गाडी गेली.

त्यानंतर एमिल गुरुवारी पत्ते खेळायला यायचा थांबला. त्याची खुर्ची रिकामी राहिली की व्हर्लिनला राग येई. तोंड दाखवायची हिंमत नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. मग एक दिवस पेट्रोल भरताना त्याने हायवेच्या दिशेने एक रुपेरी गाडी जाताना पाहिली. स्टिअरिंगवर कंपनीचा माणूस. नाव रँडल, बूट नेहमी चकचकीत, गावातल्या प्रत्येकाच्या कुत्र्याचं नाव त्याला पाठ. आणि त्याच्या शेजारी काळा चष्मा लावलेला एमिल.

पुढच्या आठवड्यात तीच गाडी, तीच माणसं, तोच रस्ता.

"आता बोल," व्हर्लिन घरी येऊन आर्लीनला म्हणाला.

"मी काय बोलू? जाऊन विचार त्याला."

"मला जे बघायचं ते मी बघितलं."

त्याने मत ठरवून टाकलं. विरोधात. कारखान्याबद्दलचा जाडजूड अहवाल त्याच्या टेबलावर आला होता. पाणी किती लागेल, ट्रक कुठून जातील, शाळेला कर किती मिळेल. त्याने तो चाळला, पण प्रत्येक पानावर त्याला हाच प्रश्न पडे की हे कुणी लिहून घेतलं असेल. शेत बघायला तो गेलाच नाही. तिथे उभं असताना कुणी पाहिलं तर लोक काय म्हणतील?

सुनावणीच्या संध्याकाळी सभागृह भरून माणसं मागच्या भिंतीला टेकली होती. प्रत्येकाला तीन मिनिटं. एक बाई म्हणाली की तिच्या बहिणीच्या गावात असाच कारखाना आला आणि तिथले पडदेसुद्धा वास मारतात. लोहारकाम करणारा एक तरुण म्हणाला, "पडदे धुता येतात. माझा भाऊ कामासाठी ओमाहाला गेला, तो परत येत नाही." रँडल पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता आणि दोन्ही बाजूंना सारखीच मान डोलवत होता.

मग महापौर डोलोरेस पेलान यांनी एमिलचं नाव पुकारलं.

एमिल उठला. वेल्माने त्याच्या कोपराला धरून त्याला खुर्च्यांच्या मधल्या वाटेपर्यंत आणलं आणि सोडलं. तो हळूहळू पुढे आला, बोलायच्या टेबलाला त्याची मांडी आपटली, माइक कलंडला. त्याने तो चाचपून सरळ केला, समोर तोंड केलं आणि म्हणाला, "महापौर बाई, मी जास्त वेळ घेणार नाही."

तो थेट व्हर्लिनकडे तोंड करून बोलत होता. डोलोरेसबाई तिकडे पलीकडे, झेंड्याजवळ बसल्या होत्या. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "व्हर्लिनबाई, पर्स सांभाळा!" आणखी हशा झाला.

व्हर्लिनच्या मनात पहिला विचार हाच आला की हे सोंग आहे. म्हातारा, आंधळा शेतकरी. रँडलनेच शिकवलं असणार. त्याने मुद्दाम आपला हात वर करून हलवला. एमिलची नजर हलली नाही. त्याचा डावा हात मात्र टेबलाची कड शोधत होता, सापडली तशी ती घट्ट धरली.

"शेत बापाने घेतलं," एमिल म्हणाला. "विकावं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या वसंतात पेरणी केली तर ओळी शेजाऱ्याच्या बांधात गेल्या. डोळ्यांत मधोमध काळं दिसतं. कडेकडेचं थोडं दिसतं, तेही चाललंय. लिंकनला डोळ्यात सुई घेतो. त्याने नजर जायची लांबते, परत येत काही नाही. म्हणून विकतो आहे. तुम्हाला कारखाना नको असेल तर नको म्हणा. माझा राग नाही. एवढंच."

तो वळला आणि वेल्मा येईपर्यंत तसाच उभा राहिला.

व्हर्लिनला तो फोन आठवला. लिंकनला जायचं होतं. तू गाडी घेतलीस तर बरं होईल. पुढचे लोक काय बोलले ते त्याने ऐकलं नाही. आता 'हो' म्हणावं तर दोस्तीखातर, 'नाही' म्हणावं तर आधीच ठरवलं म्हणून. आणि शेताबद्दल, कारखान्याबद्दल आपलं म्हणून काय मत आहे हे शोधायला गेला, तर तिथे काहीच नव्हतं. इतके महिने तो फक्त कोण काय लपवतंय हेच बघत होता.

मतदान सुरू झालं. त्याचं नाव आलं. "नाही," तो म्हणाला, कारण तोंडाला तोच शब्द सरावाचा झाला होता.

तीन होकार, तीन नकार. डोलोरेसबाईंनी चष्मा पुसला आणि आपलं मत होकाराला दिलं. शेताचा झोन बदलला.

बाहेर पार्किंगमध्ये एमिल दिव्याखाली एकटा उभा होता; वेल्मा गाडी आणायला गेली होती. व्हर्लिन त्याच्यासमोर जाऊन थांबला.

"कोण?" एमिलने विचारलं.

"मी."

"तू 'नाही' म्हणालास."

"हो. आणि तू मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? तू पोर्चवर मला माशासकट हाकललंस." एमिलचा आवाज चढला नाही. "पहिला फोन केला तेव्हा डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की आता गाडी बंद. वेल्मालासुद्धा माहीत नव्हतं. तुला आधी सांगावं असं वाटलं."

"मग रँडल कुठून आला?"

"रँडल कसल्याशा सह्या घ्यायला आला होता, त्याने पाहिलं मी दार चाचपत उघडलं ते. म्हणाला, मी नेतो. मी नको म्हणत होतो. तोवर मी भाच्याला शेत खंडाने द्यायचा विचार करत होतो, अर्ज मागे घेणार होतो. पण एक माणूस आपल्याला दर वेळी डॉक्टरकडे नेतो, बाहेर बसून राहतो, कॉफी आणून देतो. त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? तुला जमतं ते. मला नाही जमत."

वेल्माची गाडी आली. व्हर्लिनने दार उघडायला हात पुढे केला, पण एमिलने स्वतःच चाचपून मूठ शोधली.

सह्या झाल्या तशी रुपेरी गाडी गावात दिसेनाशी झाली. रँडलची दुसऱ्या गावी बदली झाली म्हणे. सुईची तारीख होती त्या सकाळी व्हर्लिन कोव्हारिकांच्या दारात जाऊन उभा राहिला. वेल्माने दार अर्धंच उघडलं.

"आता कशाला आलास?"

"लिंकनला जायचंय ना त्याला."

"तुला काय हवंय?"

"काही नको."

ती त्याच्याकडे बघत राहिली. जन्मभर लोकांकडे आपण असंच बघत आलो, हे व्हर्लिनला त्या पायरीवर पहिल्यांदा उमगलं. मागून एमिलचा आवाज आला, "उशीर होतोय, वेल्मा. कोट दे."

त्या दिवशी जाता-येता दोघं फारसं बोलले नाहीत. पण पुढच्या तारखेलाही व्हर्लिन गेला, आणि मग ते ठरूनच गेलं.

कॅफेत दोन्ही टेबलांना ही बातमी पुरली. खिडकीजवळचे म्हणाले, बघा, मनात खातंय त्याच्या. काउंटरजवळचे म्हणाले, छे, दोघं पहिल्यापासून एक होते. महापौर बाई तारणार हे याला ठाऊक होतं, म्हणून ऐटीत 'नाही' म्हणाला. मिसेस वोंड्राने आर्लीनला चर्चबाहेर गाठून विचारलं, "एमिलने काही दिलं का गं तुम्हाला?" आर्लीनने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा व्हर्लिन हसायला लागला, आणि मग हसायचा थांबला. निवडणूक आली तेव्हा तो पुन्हा उभा राहिला नाही. लोकांनी त्याचाही काहीतरी अर्थ लावला.

कारखान्याचं काम बर्फ वितळल्यावर सुरू झालं. लिंकनचा रस्ता शेताच्या कडेनेच जायचा. एक दिवस तिथून जाताना एमिलने विचारलं, "कुठवर आलंय?"

"खांब उभे राहिलेत. पत्रा अजून चढला नाही. तुझ्या बांधावरची झाडं ठेवलीत त्यांनी."

"ठेवलीत?"

"हो."

एमिलने काळ्या चष्म्याआडून त्याच्याकडे मान वळवली. "खरं सांगतोयस, की मला बरं वाटावं म्हणून?"

व्हर्लिनने गाडी कडेला घेतली, पलीकडे जाऊन दार उघडलं, आणि एमिलला दंडाला धरून खड्ड्याच्या काठाने चालवत पहिल्या झाडापर्यंत नेलं. एमिलने खोडावर तळहात टेकला. सालीवरून वर-खाली फिरवला. मग विचारलं, "आणि दुसरं?"

ते दुसऱ्या झाडाकडे निघाले.