लाभ म्हणजे एक

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात जुने नटबोल्ट साचतात तसे ते साचतात. फेकायला घ्यावेत तर हात थांबतो; असू दे, कधीतरी लागतील. पांढरकवड्यात रफिकभाईंच्या गॅरेजला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं. कापसाचे ते वाईट दिवस. खेड्यात पैसा नाही म्हणून जीपला सवारी नाही, जीपला सवारी नाही म्हणून मला गिऱ्हाईक नाही. मी आपला दुकान उघडं टाकून दिवसभर गॅरेजमध्ये बसलेला. बायको म्हणायची, "दुकानाची पाटी तिकडंच काहून नाही लावत?"

तर पाटीपासूनच सुरू करू.

*

कॉम्प्युटरवाल्या डिझेल गाड्या तेव्हा आपल्याकडे नुकत्याच दिसू लागल्या होत्या. रफिकभाई नागपूरला साडूकडे जाऊन राहिले आणि रीमॅपिंग शिकून आले. येताना एक जुना लॅपटॉप आणला. त्याची बॅटरी मेलेली, भिंतीतल्या प्लगला वायर लावली तरच तो जिवंत व्हायचा. मग पाटी रंगवायला पेंटर बोलावला. पेंटरने मोठ्या झोकात लिहिलं, "येथे डिझेल गाडीचे रीमापिंग करून मिळेल."

रफिकभाई तापले. पेंटर म्हणाला, "तुमी बोलले तसंच लिवलं ना, भाई."

ते खरंच होतं. रफिकभाई 'मापिंग'च म्हणायचे.

कापूस विकून आयुष्य गेलेल्या गावात 'माप' वाचलं की माणूस थांबतोच. जो तो विचारायचा, "भाई, माप कायचं घेता?" रफिकभाई हातातला पाना खाली ठेवून समजावून सांगायचे. "गाडीत एक डब्बा असते. इंजिनाले कोणत्या टाइमाले किती डिझेल पाजाचं, थ्याचं माप त्या डब्यात असते. कंपनी साऱ्या दुनियेले एकाच मापाचा कुर्ता शिवते. आपण तो तुह्या अंगाचा करून देतो."

"मंग ताकद बी वाढंन अन् अॅव्हरेज बी?"

"थोडी ताकद, थोडा अॅव्हरेज भेटंन. दोन्ही पुरं पाहिजे असंन तं दुसरी गाडी घे."

*

झरीकडचे एक आजोबा आपली जुनी जीप घेऊन आले. पत्रा कुठे, रंग कुठे, पण आवाज खणखणीत. म्हणाले, "माप बदलून द्या." रफिकभाईंनी बॉनेट उघडलं आणि हसायला लागले.

"बाबाजी, कॉम्प्युटरच नाही हिच्यात. डोकंच नाही तं माप कायचं बदलू?"

आजोबांनी बॉनेट आपल्या हाताने बंद केलं. म्हणाले, "डोकं नाही म्हणूनच चालून राह्यली इतके वर्सं."

*

रफिकभाईंची खरी अडचण वेगळी होती. काम झालं की लॅपटॉपवर निळ्या-लाल रेघा दिसायच्या, पण रेघांवर भरोसा कोण ठेवणार? गिऱ्हाईक म्हणायचं, "भाई, तुमी म्हणता म्हणून वाढला का अॅव्हरेज?"

तो भरोसा वसंतरावांच्या रूपाने पायी चालत आला. वसंतराव मेश्राम बाजार समितीत मापारी होते. कापूस असो की तूर, काट्यावर उभं राहून वजन करणारे. पण व्यापारी परस्पर खेड्यात जाऊन माल उचलायला लागले, यार्डात गाड्या येईनाशा झाल्या, आणि वसंतराव रिकामे झाले. एक दिवस पाटी वाचून आत आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माप लिवलं हाय म्हणून आलो. थे तं माहं काम हाय."

रफिकभाईंना अल्ला पावला. लॅपटॉपवर कोणी विश्वास ठेवत नसलं तरी वसंतरावांच्या मापावर सगळा तालुका ठेवत होता.

त्यांची पद्धत साधी होती. टाकी गळ्यापर्यंत भरायची. डिझेलला फेस येतो, तो बसू द्यायचा, परत भरायची. मग वणीपर्यंत जाऊन यायचं आणि लिटरच्या डब्याने मोजत टाकी पुन्हा तेवढीच भरायची. हे काम एकदा रीमॅपिंगच्या आधी, एकदा नंतर. मोजताना ते मापाऱ्यासारखंच मोजायचे. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ मोठ्याने म्हणायचं, डोळे मिटून, आणि दोन-तीन-चार मनात. शेवटी निकालही त्याच भाषेत. लिटरमागे एक किलोमीटर वाढला तर "लाभ". काही फरक नसला तर "हाय तसंच". आणि कमी झाला असला तर नुसता चष्मा पुसायला घ्यायचे.

*

वणीचे एक कोळशाचे ठेकेदार आले. त्यांना ताकद हवी होती, कोळशाचे ट्रक ओव्हरटेक करायला. रफिकभाईंनी ताकदीचं माप टाकून दिलं. आठवड्याने ठेकेदार भांडायलाच आले. "गाडी घोड्यावानी पळते, पण डिझेल हत्तीवानी पिऊन राह्यली."

वसंतराव त्यांच्या शेजारी बसून वणीला जाऊन आले. उतरले तेव्हा दोन्ही हातांनी दरवाजा धरून उतरले. आम्ही पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "गाडीचं माप बराबर हाय. पायाचं माप पाहा लागते."

ठेकेदारांनी आपल्या बुटाकडे बघितलं आणि म्हणाले, "मले नऊ नंबर लागते."

*

रीमॅपिंग झालं की गिऱ्हाईक तिथूनच गाडी पिटाळत सुटायचं. त्यावर रफिकभाईंनी एक उपाय काढला होता. ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "आठ रोज आरामात. माप मुरू द्या." मुरणं हा शब्द त्यांनी लोणच्यावरून उचलला होता, कुठल्या नागपुरात शिकले नव्हते. पण लोक ऐकायचे.

उमरखेडचे एक गुरुजी जरा जास्तच ऐकायचे. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. रफिकभाईंनी विचारलं, "कशी चालून राह्यली गुरुजी?"

"चालून कुठं राह्यली? तुम्ही म्हणाले म्हणून ओसरीत उभी केली, वरून फडकं बांधलं, पोरांना हात लावू दिला नाही. मुरली असंल का आता? काढू का बाहेर?"

रफिकभाईंनी फोनवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं. त्या गॅरेजमध्ये आम्ही इतकं कधी हसल्याचं मला आठवत नाही.

*

आता परसराम राठोड. केळापूरच्या पुढे त्याचा तांडा. सेकंडहॅन्ड घेतलेली कॉम्प्युटरवाली जीप हीच त्याची शेतवाडी आणि घरदार. बोलायला चुरचुरीत. गॅरेजमध्ये आला की पहिल्यांदा माझा चहा उचलायचा.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं फार यायची. मुंबईची, दिल्लीची, कधी गोरीसुद्धा. गावोगाव फिरायची, लिहून न्यायची. आमच्याकडे काय चाललंय ते बघायला जग येत होतं आणि जगाला फिरवायला जीप लागत होती. असेच एक साहेब परसरामच्या शेजारी बसले होते. वही काढून म्हणाले, "इथली सगळ्यात मोठी समस्या कोणती?"

परसराम म्हणाला, "अॅव्हरेज, साहेब."

"किती येतो?"

"आंधी नऊ होता. आता सातावर आला."

"अरेरे. आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात तं इचारूच नका. सारा चिखल."

साहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. उतरताना परसरामचा हात हातात धरून म्हणाले, "बियाणं कोणतं वापरता?"

आम्हाला हे सांगताना परसराम पोट धरून हसत होता. मग एकाएकी थांबला आणि म्हणाला, "पण खरंच सातावर आला ना बे."

हसू तिथेच संपलं. साहेब लोक रोज येत नव्हते आणि एरवीच्या सवारीत डिझेलसुद्धा निघत नव्हतं. जीप विकायची आणि बायकोपोरं घेऊन हैदराबादला कुठल्यातरी बिल्डिंगच्या गेटवर उभं राहायचं, असं त्याच्या मनात घोळू लागलं होतं.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

परसराम सकाळी जीप घेऊन आला. उमरखेडचा एक जण दुपारी गाडी बघायला येणार होता. सौदा तोंडी ठरलेलाच होता. परसराम म्हणाला, "भाई, एकडाव माप टाकून पाहा. एक किलोमीटर वाढला तं ठेवतो. नाही वाढला तं देऊन टाकतो." आधीचं मोजमाप झालेलं होतं. रफिकभाईंनी वायर जोडली. परसरामला तिथे बसवेना, तो केळापूरला देवीच्या पाया पडायला निघून गेला.

माप अर्धं गेलं असेल आणि लाइट गेली. त्या वर्षांत लोडशेडिंगला वेळ-काळ नव्हता. लॅपटॉप मेला, डब्यात माप अर्धंच राहिलं म्हणून जीपही मेली. रफिकभाई घामाने निथळले. लाइट आली तेव्हा त्यांनी आधी गाडी जिवंत करायची म्हणून जुनंच माप परत टाकलं. जीप सुरू झाली. नवीन टाकायला घेतलं तर लाइट पुन्हा गेली, ती गेलीच.

तेवढ्यात परसराम आला, कपाळाला कुंकू लावून. जीप सुरू बघून त्याचा चेहरा असा खुलला की रफिकभाई सांगायचं सोडून वायरच गुंडाळत बसले. वसंतराव शेजारी बसले आणि दोघं वणीच्या रस्त्याला लागलेसुद्धा. मग रफिकभाई मला म्हणाले, "प्रकाशभाऊ, हिच्यात मी काहीच केलं नाही."

ते दोघं परत आले तेव्हा उमरखेडवालाही येऊन बसला होता. वसंतरावांनी टाकीचं झाकण काढलं. परसरामला बघवत नव्हतं. तो कडुनिंबाखाली पाठ करून बसला, कान तेवढे इकडे. वसंतरावांनी पहिला डबा ओतला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "लाभ."

परसराम उडी मारूनच उठला.

त्याला वाटलं, मोजणं संपलं. त्याला वाटलं, हा निकाल. तो धावत येऊन वसंतरावांच्या पाया पडला, मग रफिकभाईंना मिठी मारली, मग माझा मोबाईल हिसकावून घेतला आणि तांड्याच्या बोलीत बायकोशी भडाभडा बोलत सुटला. मला त्यातलं 'गाडी' एवढंच कळलं. पलीकडून बाईच्या रडण्याचा आवाज येत होता, तो कळायला भाषा लागत नव्हती.

वसंतरावांच्या हातात दुसरा डबा भरलेला होता. त्यांनी रफिकभाईंकडे पाहिलं. रफिकभाईंनी मान खाली घातली. वसंतरावांनी तो डबा हळूच जमिनीवर ठेवला, टाकीचं झाकण लावलं आणि हात पुसले.

उमरखेडवाला वैतागून म्हणाला, "एका किलोमीटरसाठी सौदा मोडता?"

परसराम म्हणाला, "एक नाही म्हणाचं. लाभ."

जीप राहिली. परसराम पुढे कितीतरी वर्षं ती चालवत होता, अगदी बेताने, पाय जपून, माप मुरलंय ते बिघडू नये म्हणून. तांड्यातल्या पोरी त्याच जीपमधून कॉलेजला जायच्या. रफिकभाई अधूनमधून म्हणायचे, "आण रे, एकडाव पुन्हा लॅपटॉप लावून देतो." परसराम हातच लावू द्यायचा नाही. "वसंतरावनं मोजेल माप हाय थे. कायले छेडता?" तिचा अॅव्हरेज पुन्हा कोणी मोजला नाही.

आता रस्ता रुंद झाला, गॅरेज गेलं, पाटी गेली. रफिकभाई पोराकडे नागपूरला असतात. मला त्या सगळ्यांची फार आठवण येते. नव्या दुकानात एसी आहे, पण बसायला शेजार नाही.

वसंतराव शेवटी शेवटी काठी टेकत दुकानात यायचे. एकदा मी धीर करून विचारलंच. म्हटलं, "वसंतराव, जन्मात कधी मापात पाप केलं नाही तुम्ही. मग त्या दिवशी माप अर्ध्यावर काहून सोडलं?"

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसतील. पुसला नाही, तसाच हातात धरून ठेवला.

"लाभ म्हटल्यावर," ते म्हणाले, "पुढं कायले मोजाचं, भाऊ?"