मामी आणि आठ दिशा

अख्ख्या इंदुरात आजवर एकदाही रस्ता न चुकलेलं माणूस एकच, ते म्हणजे आमची मामी. आयुष्यभर तिनं सरकारी शाळेत भूगोल शिकवला. शाळेतून ती निवृत्त झाली, भूगोलातून नाही. तिच्या सुदामा नगरच्या घरात डावं-उजवं हे शब्द बंद आहेत. "मीठ तुझ्या वायव्येला आहे," असं ती सांगते आणि आपण ताटाभोवती हात फिरवत बसतो. पोहेवाल्याला एकदा तिनं, "भिया, दक्षिणेकडची जलेबी दे, ती ताजी दिसते," असं फर्मावलं, तर त्यानं घाबरून दोन्हीकडची दिली. चहाला ती पूर्वेकडेच तोंड करून बसते आणि मामांनाही बसवते. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर असल्यामुळे मामा बिचारे बातम्या नुसत्या ऐकतात. मोबाइलवरच्या नकाशावर तर तिचा खास राग. "आपण वळलो की हा पण वळतो. नकाशाला काही उसूल पाहिजे की नाही?"

निवृत्तीनंतर ही बाई स्वस्थ बसेल असं आम्हांला वाटलं होतं, पण कसलं काय. इंदूरबाहेर बेटम्याच्या बाजूला झाबुआकडची कुटुंबं आलू काढायला येतात. एक शेत संपलं की ठेकेदार त्यांना दुसऱ्या शेतावर हलवतो, आणि पोरांची शाळा मागच्या शेतावर राहून जाते. मामी स्कूटरला फळा बांधून त्यांच्या मागे फिरू लागली. जवळच्या शाळेत ती पोरांची नावं घालायला गेली, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "मैडम, ये तो पंद्रह दिन में चले जाएँगे." मामी म्हणाली, "जाने दो. आप नाम लिखो, ढूँढना मेरा काम." शोधण्यासाठी तिनं पोरांना एकच नियम घालून दिला: शेत सोडताना पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहायचं, कुठे चाललो. जागेचं नाव माहीत नसेल तर नकाशा काढायचा, उत्तर दिशा वर. मग काय, नाक पुसता न येणारी पोरं बोट करून नैऋत्य दाखवू लागली. त्यांच्या आया हसून लोटपोट व्हायच्या.

त्यांतलीच एक जमुना, पाचवीतली. मामीचा तिच्यावर भारी जीव. पाचवीची परीक्षा पास झाली तर तिला झाबुआकडे, गावाजवळच्या वसतिगृहात सहावीला जागा मिळणार होती. नाही झाली तर पुढच्या वर्षापासून आईबरोबर टोपली उचलायची, असं बापानं सांगून टाकलं होतं. मामी अशी झपाटून मागे लागली होती, की स्वतःच्या मुलाच्या बारावीला तिनं याच्या निम्मीसुद्धा धावपळ केली नव्हती.

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी सहाला ती आमच्या बड़ा गणपतीजवळच्या घरी रिक्षानं हजर. "स्कूटर बंद पडली. गाडी काढ फटाफट, जमुनाला घ्यायचंय, नऊचा पेपर आहे." बेटम्याला पोचलो तर शेत रिकामं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना हलवलं, एवढंच राखणदाराला ठाऊक होतं. कुठे, ते नाही. ठेकेदाराचा फोन बंद. मी पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत राहिलो. मामी मात्र साडी खोचून ढेकळांतून मोटारीच्या खोलीकडे सुटली, आणि तिथून तिची हाक आली.

भिंतीवर नकाशा होता. नाला, तीन कडुलिंब, मोबाइलचा टॉवर, टॉवरच्या पश्चिमेला एक चौकोन आणि त्यात 'जमुना, पाँचवी'. वर उत्तरेचा बाण. मामीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग तिनं पर्समधून निळा खडू काढला आणि नाला गिरवायला घेतला.

"मामी, पेपर!"

"माहितीये रे. पण नाला निळा पाहिजे."

पुढचा प्रवास मी विसरणार नाही. "सूरज पाठीमागे ठेव. आता उत्तरेला मोड."

"अगं, डावीकडे की उजवीकडे?"

"चौथीत काय करत होतास तू?"

नाला आला, कडुलिंब आले, टॉवर आला, आणि मी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडायला लागलो. बांधावर जमुना उभी होती. डोक्याला तेल, काखेत दप्तर, हातात टोपली. "मैंने बापू को बोला था, मामीजी आएँगी," ती म्हणाली. बाप पुढे आला. त्यानं तिच्या हातातली टोपली काढून घेतली. पेपरला सात मिनिटं असताना आम्ही शाळेच्या फाटकातून आत घुसलो. शिपायाला मिठी मारायची तेवढी मामीनं बाकी ठेवली.

जमुना पास झाली आणि वसतिगृहात गेली. यंदा आलू काढायला आईबाप आले, ती आली नाही. हेच तर हवं होतं. मामी नव्या पोरांना घेऊन पुन्हा जोरात लागली आहे, पण येता-जाता त्या मोटारीच्या खोलीपाशी थांबते. तिथला खडू पावसानं केव्हाच धुऊन नेला.

परवा चहाला गेलो तर मामा चक्क टीव्ही बघत होते. मामीनं खुर्च्या पश्चिमेकडे फिरवल्या होत्या. मी विचारलं, तर म्हणाली, "इकडून हवा चांगली येते." तिकडे टीव्ही आणि भिंत, खिडकी नाहीच. मी कप घेऊन तिच्या शेजारी तिकडेच तोंड करून बसलो. झाबुआ कुठल्या दिशेला आहे, एवढा भूगोल मलाही येतो.